तिसरा बाजार

बेन्झाथिन पेनिसिलिन तयार करताना हाताला घाई चालत नाही. छोट्या बाटलीच्या तळाशी पांढरी पावडर असते. तिच्यात पाणी सोडायचं, बाटली दोन तळहातांमध्ये धरून घोळवायची आणि दुधासारखं झालं की लगेच सिरिंजमध्ये ओढायचं. बारीक सुई घेतली तर ती मधेच बंद पडते आणि लेकराला दुसऱ्यांदा टोचावं लागतं. म्हणून सुई जाड. जागा कुल्ल्याची, वरच्या बाहेरच्या बाजूला, खोल मांसात. आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं, कारण हे औषध शिरेत गेलं तर घात होतो. मग हळूहळू सोडायचं. दुखतं. दुखत नाही असं मी कोणत्याही लेकराला कधी सांगितलं नाही.

हे काम मी चाळीस वर्षं केलं. आधी सरकारी नोकरीत कंपाउंडर म्हणून आणि निवृत्त झाल्यावर सौसरला एका खाजगी डॉक्टरांकडे. आता वय त्र्याहत्तर आहे, हात कापतो, पांढुर्ण्यात मुलाच्या घरी राहतो. माझ्यामुळे दोन खोट्या गोष्टी रामाकोन्याच्या एका घरात पाच वर्षं खऱ्या म्हणून चालल्या. एक अशी, की सुया घेऊन घेऊन तिथल्या पोरीचं हृदय बिघडलं. दुसरी अशी, की पोरीची आई अडाणी, ती सुईची तारीख विसरली. दोन्ही साफ खोट्या आहेत. मुलगा म्हणतो, बाबा, कशाला उकरून काढता. मी उकरून काढणार आहे. ज्याला वाईट वाटायचं त्याला वाटू दे.

ती पोरगी पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. आईनं तिला कडेवर आणलं होतं, एवढी मोठी पोर. आधी घसा दुखला, तो बरा झाला. मग दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला, तो उतरला तर मनगट. डॉक्टरसाहेबांनी छातीला नळी लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. मग नागपूरला तपासणी झाली. संधिवाताचा ताप, हृदयाच्या एका झडपेला थोडी इजा. थोडी हा शब्द मला नीट आठवतो, कारण त्या थोडीवरच सगळं अवलंबून होतं. घशातला तोच जंतू पुन्हा आला नाही, तर थोडी ती थोडीच राहते. बऱ्याच मुलांमध्ये हळूहळू भरूनही येते. पुन्हा आला, तर प्रत्येक वेळी झडप आणखी खराब होते. आणि तो येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी ही एक सुई, कित्येक वर्षं.

औषध समजावून सांगणं हे माझं काम होतं. डॉक्टरसाहेबांसमोर गर्दी असायची, ते चिठ्ठी लिहून माझ्याकडे बोट करायचे. तिच्या आईला मी बाकावर बसवलं. अंगानं सडपातळ बाई, डोक्यावर पदर, हातात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांची रिकामी टोपली. नवरा नागपूरला गोदामात कामाला होता, महिन्यातून एकदा यायचा. घरची थोडी संत्र्याची झाडं, थोडा कापूस आणि परसातला भाजीपाला. हा भाजीपाला ती दर आठवड्याला सौसरच्या बाजारात आणून विकायची.

ती म्हणाली, "बाबूजी, एवढ्या दिवसाची सुई एकाच वेळी? अंगात इतके दिवस राहते का जी?"

मी विचारलं, "संत्र्याला पाणी कसं देता?"

"पहिले पाटानं देत होतो. आता ठिबक लावलं."

"मग साधं पेनिसिलिन म्हणजे पाटाचं पाणी. भरपूर येते आणि काही तासांत लघवीवाटे निघून जाते. हे ठिबक आहे. मांसात गोळा होऊन बसते आणि थेंब थेंब रक्तात सुटत राहते. थेंब लहान, पण तो जंतू मारायला तेवढा पुरतो. त्या जंतूले वाढताना आपल्या भोवती भिंत बांधा लागते, हे औषध ती बांधू देत नाही."

ती थोडा वेळ टोपलीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे टाकी सुकायच्या आत भरायची."

"बस. तेवढंच."

चाळीस वर्षांत एवढ्या लवकर हे कोणाला समजलेलं मी पाहिलं नाही. शिकलेल्या माणसांनाही नाही. ते विचारायचे, ताप नाही तर सुई काहून. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अडचण मोजण्याची होती. तिला तारखा वाचता येत नव्हत्या. घरात कॅलेंडर होतं, पण ते भासऱ्यांच्या खोलीत. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्यासमोर ती डोक्यावरचा पदर सरकू द्यायची नाही, मग खोलीत जाऊन पानं उलटणं दूरच. तेव्हा मी एक युक्ती काढली. आजवर ती मी माझी हुशारी म्हणून मिरवली, आता चूक म्हणून लिहितो.

मी म्हणालो, "तारीख राहू दे. तू दर बाजाराला येतेच न? आज सुई. आता पुढचा बाजार सोड, त्याच्या पुढचा सोड, तिसऱ्या बाजाराला पोरीला घेऊन ये. तीन बाजार म्हणजे एकवीस दिवस."

ती हसली. "एवढं तर बकरी बी मोजन."

आणि तिनं मोजलं. दोन वर्षांहून जास्त काळ एकही तिसरा बाजार चुकला नाही. पावसात आली, कापूस वेचणीत आली, एकदा अंगात ताप असताना आली. आल्यावर भाजी विकायला बसायच्या आधी पोरीला माझ्याकडे सोडायची. मी हातावर आधी थोडंसं औषध टोचून अंगावर काही उठतं का ते पाहायचो, आणि सुई दिल्यावर अर्धा तास तिला बाकावर बसवून ठेवायचो. सुईची प्रतिक्रिया आलीच तर जीव वाचवणारी ॲड्रेनलिनची ॲम्प्युल ट्रेमध्ये हाताशी. पोरगी बाकावर एका बाजूवर कलून बसायची आणि मला शिव्या द्यायची.

"बाबूजीची सुई गोबरगॅसच्या पाइपावानी आहे."

"तुह्या काकाच्या मिशीपेक्षा बारीक आहे," मी म्हणायचो. मग ती हसायची आणि हसल्यावर दुखतं म्हणून पुन्हा शिव्या द्यायची.

मग लॉकडाऊन लागला. बाजार बंद झाला. डॉक्टरसाहेब दिवसातून दोनच तास बसू लागले. माझं वय साठच्या पुढचं, दम लागणारं शरीर, म्हणून मुलानं मला पांढुर्ण्याला आणून ठेवलं. मी आलो. कोणी जबरदस्ती केली नाही, मला यायचंच होतं. मला मरणाची भीती वाटत होती, हे लिहायला मला आता लाज नाही.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. कोणाच्या तरी मोबाइलवरून, मागे कोंबड्यांचा आवाज.

"बाबूजी, दोन बाजार झाले होते. तिसरा कधी भरन जी?"

मी म्हणालो, "काय सांगू बाई, पोलीस हाकलून राहिले. होईल सुरू."

"सुरू झाला का येतो मग."

"हव. बाजार उघडला का ये."

फोन ठेवला. त्या दिवसांत मी फोन ठेवला तरी हात धुवायचो. मोरीवर गेलो, साबण लावला, आणि हात पुसेपर्यंत मला कळलं होतं. ती बाजार विचारत नव्हती. ती सुई विचारत होती. तिच्या हिशेबात बाजार भरला नाही म्हणजे दिवस पुढे सरकला नाही. मीच तिला दिवस मोजायला शिकवलं नव्हतं, बाजार मोजायला शिकवलं होतं. तिची टाकी केव्हाच सुकली होती आणि ती बिचारी अजून तिसऱ्याची वाट पाहत होती.

फोन तिथेच, खिडकीत पडला होता. नंबर त्यात होता. एवढंच सांगायचं होतं की बाई, बाजाराचा विचार करू नको, उद्याच दवाखान्यात जा, आजारी माणसाला पोलीस अडवत नाहीत. पण तसं सांगितलं असतं तर ती विचारणार होती, बाबूजी, तुम्ही असान न? डॉक्टरसाहेब नव्या माणसाला पेनिसिलिन देऊ देत नव्हते, माझ्याशिवाय कोणाच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणजे मला सौसरला जावं लागलं असतं, गर्दीत, तोंडासमोर खोकणाऱ्या लोकांत. मी मनाशी म्हणालो, उद्या करतो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, दोन-चार दिवसांनी काय होते. मग म्हणालो, कोणीतरी सांगितलं असेल. मग विसरलो. विसरलो मी. ती नाही.

बाजार उघडायच्या आतच, पावसाळ्यात, पोरीचा घसा दुखला. मग पुन्हा सांधे, मग दम. दिवाळीनंतर नागपूरला नेलं तोवर थोडी इजा थोडी राहिली नव्हती. झडप धड बंद होत नव्हती. शस्त्रक्रिया करून ती दुरुस्त केली. पोरगी वाचली, पण जिना चढताना आजही मधल्या पायरीवर थांबते.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी जुने कागद पाहिले आणि तिच्या आईला सगळ्यांसमोर झापलं, सुया मधेच सोडल्या, तुम्हा लोकांना काही समजतच नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. इकडे भासरे सौसरच्या दवाखान्यात आले. मी तेव्हा कामावर परतलो होतो.

ते म्हणाले, "दोन वर्षं पोरीच्या अंगात विष भरलं तुम्ही. इतक्या गरम सुया, हृदय कसं टिकन?"

डॉक्टरसाहेबांनी कागद काढून समजावायचा प्रयत्न केला, सुया थांबल्या म्हणून झालं, असं सांगितलं. भासऱ्यांनी विचारलं, "काहून थांबल्या मग?" डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी कापसाची बरणी उघडली आणि कापसाचे बोळे करू लागलो. पन्नासेक बोळे केले असतील. भासरे निघून गेले. तेवढ्या वेळात एक वाक्य बोललो असतो तर पुढची पाच वर्षं वेगळी गेली असती.

यंदा उन्हाळ्यात ती मला पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर भेटली. केस पांढरे झाले होते, मीच आधी ओळखलं नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, भर गर्दीत वाकून माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "मले माफ करा बाबूजी. तुम्ही तर बरोबर सांगतलं होतं. माह्याच मोजण्यात कुठी तरी चुकलं."

चाळीस वर्षांत माझ्या हातून काही माणसं गेली. एकदा पेनिसिलिनची प्रतिक्रिया येऊन एक तरुण माझ्यासमोर निळा पडला, ॲड्रेनलिननं परत आला. त्या कोणत्याही वेळी कोणी माझीच माफी मागितली नव्हती. मी तिला उठवलं आणि पोरगी कशी आहे विचारलं. ती म्हणाली, नागपूरच्या कागदावर सुया चालूच ठेवायच्या लिहिल्या आहेत. सौसरच्या सरकारी दवाखान्यात, कार्डावरच्या तारखेनं, चालू होत्याही. पण संक्रांतीनंतर भासऱ्यांनी बंद केल्या. कोणाकडून तरी मुळीचा काढा आणतात. पोरगी अठराची झाली, नर्सिंगला जायचं म्हणते. परवापासून घसा दुखते म्हणते.

घसा दुखते, एवढे दोन शब्द पुरे होते. संक्रांत ते उन्हाळा. मी बोटांवर मोजलं, बाजारात नाही, दिवसांत.

घरी आल्यावर मुलाला सांगितलं की उद्या रामाकोन्याला जातो. तो म्हणाला, "बाबा, ते लोक केस टाकतील. फोनवर सांगून टाका न."

"फोनवरच तर नासवलं होतं."

"तुम्ही तेव्हा घाबरले होते. सगळेच घाबरले होते."

"सगळ्यांनी तिला बाजार मोजायले शिकवलं नव्हतं."

त्यानं सूनबाईला माझा डबा लवकर करायला सांगितलं. सकाळी त्यानंच बस स्टँडवर सोडलं.

सौसरला बस बदलून रामाकोन्याला पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. अंगणात भासरे खाटेवर बसून संत्र्याच्या कलमांना बांधायच्या सुतळ्या कापत होते. मिशी पांढरी झाली होती. मला पाहून उठले नाहीत.

"काहून आले?"

"सुई चालू करा म्हणायले आलो."

"सुईनंच सगळं केलं. आता पुन्हा तुमची सुई?" मग आवाज चढवून, घरात ऐकू जाईल असं, "अन् ही तर विसरलीच होती. दोघं मिळून पोरीले खाल्लं."

पोरगी दारात येऊन उभी राहिली, गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली. तिच्या मागे तिची आई. मी उभाच होतो, बसायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला बसायचंही नव्हतं.

मी म्हणालो, "ती विसरली नाही. दर एकवीस दिवस म्हणजे तिसरा बाजार, हे मी शिकवलं. बाजार बंद झाला तेव्हा तिनं मला फोन करून विचारलं. मी म्हणालो, बाजार उघडला का ये. दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, मी काय बोललो ते. मी परत फोन केला नाही. घाबरलो होतो. सुईनं काही बिघडलं नाही, सुई थांबली म्हणून बिघडलं, आणि ती माझ्यामुळे थांबली. तुम्ही दवाखान्यात विचारायले आले तेव्हाही मी गप्प बसलो."

भासरे म्हणाले, "आता बोलून काय फायदा? अन् कोणावर भरवसा ठेवू? तुमच्यावर?"

"माझ्यावर नका ठेवू."

तेव्हा पोरीच्या आईनं पहिल्यांदा भासऱ्यांसमोर तोंड उघडलं. मला म्हणाली, "बाबूजी, इकडे या." मी तिच्या मागे गेलो. भासरेही आले. दाण्याच्या कोठीमागे भिंतीवर चुन्याचे ठिपके होते. एक ठिपका, दुसरा ठिपका, तिसऱ्याच्या जागी उभी रेघ. पुन्हा दोन ठिपके आणि रेघ. ओळीमागून ओळ, भिंतीच्या अर्ध्या उंचीपर्यंत. प्रत्येक रेघ म्हणजे मी दिलेली एक सुई. शेवटच्या ओळीत दोन ठिपके होते. त्यापुढे काही नव्हतं, फक्त भिंत.

भासऱ्यांनी हात लावून पाहिलं. बोटाला चुना लागला. त्या दोन ठिपक्यांवरून त्यांनी बोट पुढच्या कोऱ्या भिंतीवर नेलं. मग भावजयीकडे न बघताच म्हणाले, "हे कधी दाखवलं नाही."

ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं जी?"

मी त्यांना सुईतला धोकाही सांगितला, लपवला नाही. म्हणालो, क्वचित कोणाला या औषधानं जिवावर बेततं, म्हणून अर्धा तास थांबायचं असतं आणि ॲड्रेनलिन जवळ लागतं. पण त्या पोरीनं इतकी वर्षं ही सुई पचवली आहे, आणि घशातला जंतू वाट पाहत नाही. काढा पाजायचा तर पाजा, माझी हरकत नाही, पण सुईच्या जागी नाही.

ते म्हणाले, "तुमची हरकत विचारून कोण राहिलं?" आणि आत जाऊन शर्ट घालून आले. गाडी त्यांनीच काढली, मला आणि पोरीला बसवलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर वॉर्डात होते. सिस्टर म्हणाली, साहेब आल्याशिवाय मी पेनिसिलिन लावणार नाही. मी म्हणालो, बरोबर आहे, लावूच नका. आम्ही बसलो. डॉक्टर आले, नागपूरचे कागद वाचले, घसा पाहिला, छातीला नळी लावली. हातावर थोडंसं टोचून वाट पाहिली. काही उठलं नाही. सिस्टरनं बाटली घोळवली तेव्हा माझे तळहात आपोआप हलले. जाड सुई घेतली तिनं, हे मी पाहिलं.

सुई झाल्यावर मी आणि पोरगी बाकावर बसलो. ती पूर्वीसारखी एका बाजूवर कलली.

मी विचारलं, "पाइप?"

"पाइपच," ती म्हणाली. शिवी दिली नाही. मोठी झाली होती. मग थोड्या वेळानं म्हणाली, "बाबूजी, एक गोष्ट सांगू? मले तुमचा राग आहे. आईवर सगळ्यांनी ढकललं अन् तुम्ही ढकलू दिलं."

"असू दे," मी म्हणालो. "जाऊ देऊ नको तो."

तिनं मोबाइल काढला. मी सवयीनं म्हणालो, "पुढची सुई म्हणजे तिसरा..."

"बाजार नको," ती म्हणाली. "तारीख सांगा."

मी एकवीस दिवस मोजून तारीख सांगितली. तिनं ती मोबाइलमध्ये टाकली आणि घंटा लावली. मग पर्समधून पेन काढून तळहातावरही लिहिली, कारण, ती म्हणाली, मोबाइल बंद पडतो. घड्याळात अर्धा तास व्हायला अजून अकरा मिनिटं होती. भासरे बाहेर गाडीपाशी उभे राहून हॉर्न वाजवत होते. तिनं उठायला सुरुवात केली.

मी तिचा हात धरून खाली बसवलं. "वाजवू दे त्याले," मी म्हणालो. "अकरा मिनिटं झाल्याशिवाय कोणी उठणार नाही."